दोरा

मुलांनो, तुमच्या शाळेत पृथ्वीचा गोल आहे ना? आमच्या शाळेतला एकदा मी चक्क दवाखान्यात नेला होता! कपाटात धूळ खात पडला होता बिचारा.

2018 चा ऑक्टोबर. आई साताऱ्याला दवाखान्यात, शनिवारी संध्याकाळी ऑपरेशन. धाकटा भाऊ अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोला. तो घरातून निघाला तेव्हा तिथं शुक्रवारची सकाळ होती आणि आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात! तिथलं घड्याळ तेव्हा आपल्या साडेबारा तास मागं. आईला हे काही केल्या पटेना. "कुठवर आलं असंल गं पोरगं?" दर तासाला तोच प्रश्न.

आधी मी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून हिशेब केला होता. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को अठरा-वीस हजार किलोमीटर! साफ चूक. (बाईसुद्धा चुकतात बरं का!) पृथ्वी गोल, नकाशा सपाट. मग गोल आणला. त्याच्या पोटाभोवती दोरा गुंडाळला तर बरोबर एक मीटर भरला. विषुववृत्त सुमारे 40,000 किलोमीटर, म्हणजे एक सेंटिमीटरला 400. आता दोन गावांमध्ये दोरा ताणला. तो आपोआप वर सरकला, सायबेरियावरून, उत्तर ध्रुवाच्या जवळून! लांबी 31 सेंटिमीटर. करा गुणाकार.

पण विमान काही दोऱ्यावरून जात नाही. भावाचं विमान अटलांटिकवरून येणार होतं, सुमारे सोळा तास. आईनं स्वतः बोट ठेवत ठेवत त्याला समुद्र ओलांडून आणलं. युरोपवर बोट होतं, तेवढ्यात तिला आत नेलं. गोल माझ्या मांडीवर राहिला.

भाऊ दुपारी दिल्लीला उतरला. पुढं पुण्याचं विमान, मग गाडी. दारात उभा राहिला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. घरापासून दवाखान्यापर्यंत तीस तास. आईनं डोळे उघडले, त्याला पाहिलं आणि विचारलं, "जेवलास का?"

चार दिवसांनी त्यानं तिला गंमत सांगितली. दिल्लीहून तिकडे जाणारं एअर इंडियाचं विमानही आधी अटलांटिकवरूनच जायचं. 13,900 किलोमीटर, सोळा तासांच्या वर. ऑक्टोबर 2016 मध्ये ते उलट बाजूनं, पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून 15,300 झालं, वेळ मात्र साडेचौदा तास! कारण त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. अटलांटिकवरून जाताना ते समोरून येतात, पॅसिफिकवरून जाताना पाठीमागून ढकलतात.

आईनं गोल जवळ ओढला. "म्हणजे येताना ह्या बाजूनं, जाताना त्या बाजूनं? पृथ्वीप्रदक्षिणाच की रे!" हसली, आणि मग दोरा बोटाला गुंडाळत बराच वेळ गप्प राहिली.

गोल मी सोमवारी शाळेत परत ठेवला. दोरा काही तिनं दिला नाही. तिच्या बटव्यात आहे.