आईच्या टोमॅटोचं बी

सुरतच्या पर्वत पाटियात राहायला आलो आणि गोव्याचं परस सुटलं. हाती उरली एक गॅलरी. तिथे मी तुळस, पुदिना लावला, मोठ्या कुंडीत तुती. टोमॅटो मात्र आईने गावाहून दिलेल्या गावठी बियांचेच. बाजारातले टोमॅटो प्रवासात टिकावेत म्हणून कडक वाणाचे असतात, शिवाय अर्धेकच्चेच तोडतात. त्यांच्या साराला चव ती कसली? आईचे पातळ सालीचे, आंबट, रसाळ.

"पहिलं चांगलं फळ बियाला ठेव," ती सांगायची. गर दोन दिवस पाण्यात ठेवायचा, बी धुऊन सावलीत वाळवायचं. संकरित वाणाचं बी पुढच्या पिढीत तसंच निघत नाही, गावठीचं निघतं.

आई गेली त्या वर्षी पेरायला उशीर झाला. मार्चच्या उन्हात फुलं गळाली. आलेली दोन फळं मी विचार न करता सारात घातली, आणि मग लक्षात आलं, बियांची पुडी रिकामी!

आदल्या वर्षी शेजारच्या खानदेशी वहिनींना चार रोपं दिली होती. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी बी राखलं होतं.

तेव्हा मंडळी, चवीचं बी मिळालं तर एकट्याने सांभाळू नका. वाटा.