सामरी, तात्या विंचू आणि चौघांची भांडणं

'पुराना मंदिर' तुम्ही एकट्यानं बघितलाय? मग तो बघितलाच नाही, असं मी आता बेधडक सांगू शकतो. हे ज्ञान अगदी ताजं असल्यामुळे भेटेल त्याला सांगत सुटलोय. लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. आईनं ग्रुप म्यूट केलाय.

झालंय असं, की माझी तीन दोस्तमंडळी जुन्या विनोदी आणि भयपटांवर पॉडकास्ट करतात. करतात म्हणजे काय, तर एकीच्या बेडरूममध्ये कपाट सताड उघडं टाकून साड्यांच्या पुढ्यात माइक ठेवतात आणि कडाकडा भांडतात. (साड्या आवाज शोषतात म्हणे.) मध्येच कुकरची शिट्टी होते, तीही कुणी कापत नाही. परवा बसमध्ये एक भाग लावला आणि एकटाच असा खिदळायला लागलो, की शेजारचे काका खिडकीकडे सरकले.

भाग होता रामसे बंधूंवर. रामसे म्हणजे स्वस्तातली भुतं, एवढीच माझी अक्कल. पण ही गोष्ट ऐका! १९७० साली त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' साफ पडला. त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा चढवून चोरी करतात, तेवढा प्रसंग मात्र लोकांना भलताच आवडला. भावांनी ते हेरलं. अख्खा सिनेमाच असा काढला तर? मग काय, घरची माणसं आणि युनिट बसमध्ये घालून स्वारी थेट महाबळेश्वरला! एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, एक संकलनाला, तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला. १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' असा तयार झाला. अहो, हे तर आपल्याकडच्या घरच्या गणपतीसारखं झालं, ज्याला जे जमतं ते त्यानं करायचं!

त्याच रात्री तिघांच्या सोबतीनं रामसेंचाच १९८४ चा 'पुराना मंदिर' बघितला. सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं एका पेटीत बंद, धड दुसरीकडे पुरलेलं, आणि घराण्यातल्या बायकांना बाळंतपणात मरण येण्याचा शाप. अजय अग्रवाल नावाचा तो ताडमाड माणूस लाल डोळे वटारून समोर येतो, तेव्हा मी उशी घट्ट धरली होती. आणि ऐन रंगात येतो कोण? जगदीप! डाकू मच्छरसिंग बनून 'शोले'ची टर उडवायला. ज्यानं खुद्द 'शोले'त सूरमा भोपाली केला, तोच. एकटा असतो तर हा सगळा भाग मी पळवला असता. पण संकलनाचं काम करणारा मित्र म्हणाला, "थांब. हसताना माणूस सैल पडतो. आता दार वाजू दे." दार वाजलं. मी किंचाळलो. ती तिघं माझ्याकडे बघून हसली, मग मीही हसलो, आणि तेवढ्यात पुन्हा दचकलो!

आता 'झपाटलेला'. १९९३ चा, महेश कोठारेंचा. याच्यावरच्या भागात तर हाणामारीच व्हायची बाकी होती. बँकेत काम करणारी मैत्रीण म्हणे, हा निव्वळ विनोदी सिनेमा, तात्या विंचू नावाच्या बाहुल्याला कोण घाबरतं? हॉलीवूडचा 'चाइल्ड्स प्ले' १९८८ चा, तिथे खुन्याचा जीव बाहुल्यात शिरतो आणि थरकाप उडतो. इथे समोर लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे असल्यावर भीती वाटणार कशी? यावर दुसरा उसळलाच. लहानपणी त्याच्या घरच्या शोकेसमध्ये बहिणीची बाहुली होती. सिनेमा बघून आल्यावर त्यानं तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं. बहीण रोज सरळ करायची, हा रोज फिरवायचा. पण बहिणीला ठाऊकच नव्हतं कोण फिरवतं, त्यामुळे तीही घाबरलेली! कुकरच्या शिट्टीपेक्षा मोठ्यांदा हसलेत सगळे त्या भागात.

माझं मत दुसऱ्याच्या बाजूनं. शब्दभ्रमकार रामदास पाध्यांच्या त्या बाहुल्याची मान वळते ना, सावकाश, आणि मग डोळे, त्यात गंमत आणि दहशत वेगळी काढताच येत नाही. लक्ष्मीकांत बेर्डे घाबरतो तो इतका मनापासून, की आपण हसतो ते त्याला आणि घाबरतो ते त्याच्यासकट. मैत्रीणबाई, बघा परत एकदा!

हे सगळं मी त्यांना इतक्या तावातावानं ऐकवलं, की पुढच्या भागासाठी मलाच माइकपुढे बसवताहेत. मला हवा होता 'ईव्हिल डेड २'. दिग्दर्शक सॅम रायमीनं पहिल्या भागात कॅमेरा फळीला ठोकून, ती फळी दोन्हीकडून धरून जंगलातून पळत चित्रीकरण केलं होतं, हे कळल्यापासून मला राहवत नाहीये. पण मतदान झालं, तीन विरुद्ध एक, रामसेंचाच 'वीराना' ठरला. शनिवारी रात्री नऊला बघायला बसतोय, रविवारी रेकॉर्डिंग. सतरंजीवर अजून दोघांची जागा आहे. पॉपकॉर्न नाही, भडंग मिळेल. मध्ये कुणी पळवायचं नाही, गाणीसुद्धा!