रांगेतली अम्मी

शेजारच्या मावशी गेल्या तेव्हा अम्मीने हट्टच धरला, मला चर्चमध्ये घेऊन चल. वसईत बावीस वर्षांचा शेजार. इन्सुलिनचं इंजेक्शन स्वतःचं स्वतः कसं घ्यायचं, हे तिला मावशींनीच शिकवलेलं.

प्रार्थनाविधी पूर्ण मराठीत होता. व्हॅटिकनची दुसरी परिषद (1962-65) होईपर्यंत तो जवळपास सगळीकडे लॅटिनमध्ये चाले. अम्मीला जवळपास सगळं समजत होतं. (आमच्या मशिदीत खुत्बा अरबीत आणि त्याआधीचं बयान उर्दूत. मला दोन्हीही धड कळत नाहीत, ही माझी लाज.)

मग लोक ओळीने उठून पुढे जाऊ लागले. सगळे जातात म्हणून अम्मीही उठली. मला वाटलं, अंत्यदर्शन असेल. निम्म्या वाटेवर एका स्वयंसेविकेने हात आडवा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमच्यासाठी नाही हे." अम्मी खाली मान घालून परत आली. विधी संपेपर्यंत तिने पदर तोंडावरून काढला नाही.

मावशींच्या मुलाने नंतर फादरना सांगितलं. ते स्वतः अम्मीजवळ आले. ती भाकर आम्ही ख्रिस्ताचं शरीर मानतो, ती बाप्तिस्मा झालेल्या कॅथोलिकांनाच देतो, तो नियम मी बदलू शकत नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. "पण हे आधीच सांगायला हवं होतं. चूक आमची आहे, आई." महिन्याच्या प्रार्थनेला आम्ही पुन्हा गेलो. या वेळी सुरुवातीलाच सूचना झाली: इतर धर्मांच्या पाहुण्यांनी हवं तर छातीवर हात दुमडून पुढे यावं, आशीर्वाद मिळेल. अम्मी गेली. त्याच बाईने तिचा हात धरून तिला पायरी चढवली.

चर्चमध्ये सगळं आलबेल आहे, असं मी म्हणत नाही. भारतातल्या कॅथोलिक बिशपांनी 2016 मध्ये दलित ख्रिस्ती बांधवांबद्दलचं धोरण जाहीर करताना चर्चमध्ये अस्पृश्यता पाळली जाते हे लेखी कबूल केलं. तमिळनाडूत तर मेल्यावरही कब्रस्तानात मधे भिंत. आणि अश्रफ-अजलाफ करणाऱ्या आपण त्यांच्याकडे बोट दाखवावं, असंही नाही. पण कबूल केलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

परतताना रिक्षात अम्मी म्हणाली, "तिथे मला निदान निम्म्या वाटेपर्यंत जाता आलं. आपल्या मशिदीच्या आत काय आहे, मला माहीत नाही."

ती हज करून आलेली बाई आहे. मक्केत, मदिनेत तिने हजारो पुरुष असलेल्या मशिदीत नमाज पढली. घरापासून दीडशे पावलांवरच्या मशिदीत मात्र बायकांसाठी सोय नाही. पुण्याच्या एका दांपत्याने 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा पर्सनल लॉ बोर्डानेही स्त्रियांना मशिदीत नमाजाची मनाई नाही, असंच सांगितलं होतं. मनाई नाही आणि जागाही नाही.

जुम्याच्या नमाजानंतर मी एका विश्वस्तांशी बोललो. ते चिडले नाहीत. "जागेची अडचण आहे हो," म्हणाले. मग थोडं थांबून, "वरची खोली आहे. पण सामान भरलंय, आणि वीस पायऱ्या."

सामान मी काढीन म्हणालो. पायऱ्यांचं घरी सांगितलं, तर अम्मीने गुडघ्याला लावायचं तेल मागवलं.