एका वेगळ्या रोपाविषयीं

बाजारांत फळ घेतांना त्याचा भाव विचारण्याची रीत आहे. त्याचें कुळ विचारण्याची नाहीं. तथापि प्रत्येक उत्तम फळास कुळ असतें, आणि त्या कुळाच्या आरंभीं बहुधा एखादें एकच झाड उभें असतें. तें कोणाच्या तरी दृष्टीस पडलें, त्यानें तें उपटून टाकलें नाहीं, म्हणून आज आपणांस तें फळ मिळतें. हा विचार आमच्या मनांत येण्यास कारण झालें तें आमच्या मनीषनगरांतील घरामागें, कुंपणाशीं उभें असलेलें संत्र्याचें एक काटेरी झाड. त्याची हकीकत आमच्या बालमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगावी, असें योजिलें आहे.

आमचे वडील काटोलकडे संत्र्याची बाग राखून होते. झाडें सर्व एका जातीचीं. कलमें सर्व जंबेरीच्या खुंटावर डोळा बांधून केलेलीं. मृगाचा बहर साधला कीं घरांत लग्नकार्याचीं बोलणीं सुरू होत, आणि तो चुकला कीं कर्जाची चिंता लागे. एका वर्षीं पाऊस फार दिवस रेंगाळला, बागेंत पाणी साचलें, आणि बुंध्यांशीं डिंक वाहूं लागला. ह्या रोगास डिंक्या म्हणतात. मातींतील एक प्रकारची बुरशी मुळ्या कुजविते, साल तडकते, पानें पिवळीं पडतात, आणि उभें झाड वाळतें. पहिलें झाड गेलें तेव्हां वडिलांनीं बाकीच्या खोडांस बोर्डो मलम लावलें. दहा गेलीं तेव्हां चर खणले. पुढें खणण्याचें कारणच उरलें नाहीं. चार वर्षांत बाग सरपणास गेली व जमीन विकून आम्ही नागपुरास आलों. वडील एवढेंच म्हणत, "एकाला बाधलें तें सगळ्यांना बाधलें. सगळीं एकाच पोटचीं."

हें बोलणें अक्षरशः खरें आहे. नागपूरकर भोसल्यांनीं औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, संत्र्याचें रोप इकडे आणविलें, असें सांगतात. विदर्भाच्या काळ्या मातींत तें रुजलें, त्याची कीर्ति झाली, आणि २०१४ सालीं नागपुरी संत्र्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. परंतु कलम म्हणजे नवें झाड नव्हे. तें जुन्याच झाडाचें वाढविलेलें अंग. एका झाडाचा डोळा दुसऱ्या खुंटावर, त्याचा तिसऱ्यावर, असें करीत गांवोगांवच्या बागा उभ्या राहिल्या. त्यामुळें सर्वत्र गोडी सारखी मिळते, हा लाभ. आणि संकटही सर्वत्र सारखेंच येतें, ही हानि. त्यांतून खुंट जर जंबेरीचा असेल, तर तो डिंक्यास लवकर बळी पडतो. रंगपूर लिंबाचा त्या मानानें तग धरतो. म्हणून वरचें फळ आणि खालचें मूळ ह्या दोहोंच्या नव्या जाती शोधणें ही केवळ हौस नव्हे. शेतकऱ्याच्या घरांतील चूल त्यावर अवलंबून आहे.

कोणी म्हणेल, मग बी पेरावें. बियांपासून निरनिराळीं झाडें येतीलच. येथें संत्र्यानें एक कोडें घालून ठेविलें आहे. आमच्या मातोश्रींनीं एकदां सहज सात बिया कुंडींत पेरल्या. सातांपैकीं पांच रुजल्या. परंतु कोंब मोजतां आठ भरले! एकाच बीमधून दोन, क्वचित् तीन कोंब निघाले होते. ह्याचें कारण असें कीं, संत्र्याच्या बीमध्यें परागामुळें जन्मणाऱ्या गर्भाशिवाय केवळ आईच्या पेशींपासून बनलेले गर्भही असतात. ते आईची हुबेहूब प्रतिकृति असून बहुधा जोमदार असतात. आणि ज्या गर्भांत आईबाप दोघांचा अंश असतो, तो त्यांच्या दाटीत अनेकदां दबून जातो. म्हणजे बी पेरूनही हातीं येतें तें बहुतेक जुनेंच झाड.

मातोश्रींच्या कुंडींतील एक कोंब खुजा होता. त्याचीं पानें इतरांहून अरुंद, व काटे लवकर आलेले. रोपवाटिकेंत जन्म घालविलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्या शेजारीं राहत. ते म्हणाले, "हें उपटून टाका. आम्ही वाफ्यांतून अशीं रोपें पहिल्यांदा काढतों." त्यांचें म्हणणें रास्तच होतें, कारण खुंटासाठीं सर्व रोपें एकसारखीं लागतात. परंतु जो नवी जात शोधतो, त्याला नेमकें हेंच रोप हवें असतें. एकाचा कचरा तो दुसऱ्याचें बियाणें. आम्हीं तें रोप कुंपणाशीं लाविलें.

नवी जात बुद्धिपुरस्सर निर्माण करण्याची रीत सांगण्यास सोपी आहे. उद्यां उमलणारी कळी आज हेरावी. तिच्यांतील परागकोश चिमट्यानें अलगद काढावे. कळीस कागदी पिशवी घालावी. ठरविलेल्या दुसऱ्या झाडाचे पराग कुंचल्यानें तिला लावावे आणि चिठ्ठीवर तारीख लिहावी. कठीण भाग त्यानंतरचा. पुष्कळ फुलें गळतात. धरलेल्या फळांच्या बिया पेराव्या, तर त्यांत आईच्या प्रतिकृतींचीच गर्दी. तीन पर्णिकांच्या पानाच्या जातीचे पराग वापरले असतील, तर संकराचें रोप त्या त्रिदळ पानावरून ओळखतां येतें. एरवीं प्रयोगशाळेची मदत घ्यावी लागते. पुढें फळ येईपर्यंत सहासात वर्षें जातात, व फळ आलें तरी तें बहुधा टाकण्याच्याच योग्यतेचें निघतें. उत्तर हिंदुस्थानांतून आपल्या बाजारांत येणारें किन्नो सर्वांनीं खाल्लें असेल. कॅलिफोर्नियांतील रिव्हरसाइड येथें हॉवर्ड फ्रॉस्ट ह्या शास्त्रज्ञानें 'किंग' व 'विलो लीफ' ह्या जातींचा संकर १९१५ सालीं केला. त्यांतून निवडलेलें किन्नो लोकांच्या हातीं पडलें तें १९३५ सालीं. मध्यें वीस वर्षें गेलीं.

आपल्या महाराष्ट्रानेंही असा धीर दाखविला आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रांत नीलम व हापूस ह्यांच्या संकरापासून रत्ना हा आंबा निघाला व १९८१ सालीं बागायतदारांस मिळाला. हापुसाच्या गरांत होणारा साका त्यांत होत नाहीं. पुढें रत्नाचा पुन्हां हापुसाशीं संकर करून १९९२ सालीं सिंधू ही जात देण्यांत आली. तिची कोय फार पातळ असते. हापुसाच्या कोयींतून एकच रोप निघतें व तें आईहून वेगळें असतें. म्हणून संत्र्याच्या मानानें तेथें ही एक अडचण कमी.

दुसरी वाट केवळ डोळस पाहण्याची आहे. सप्ताळूच्या फळावर बारीक लव असते. परंतु त्याच झाडाच्या एखाद्या फांदीस कधीं कधीं आपोआप गुळगुळीत फळ येतें, तेंच नेक्टरीन. डार्विननें १८६८ सालच्या आपल्या ग्रंथांत अशीं उदाहरणें नमूद केलीं आहेत. हीं झाडें थंड प्रदेशाचीं. आमच्या नागपूरच्या उन्हाळ्यांत तीं नांदावयाचीं नाहींत. पण नियम संत्रवर्गासही तोच. ब्राझीलच्या बाहिया प्रांतांत अशीच एक बिनबियांची जात उपजली. तिचीं दोन रोपें १८७३ सालीं रिव्हरसाइडच्या एलायझा टिबेट्स ह्या बाईंकडे आलीं, व त्यांच्या कलमांनीं कॅलिफोर्नियाचा फळधंदा उभा केला. त्यांतील एक झाड अद्याप जतन करून ठेविलें आहे. आमच्या शहरांत अमरावती मार्गावर १९८५ सालीं सुरू झालेल्या लिंबूवर्गीय फळांच्या केंद्रीय संशोधन संस्थेनेंही नागपुरी संत्र्यांतूनच जवळजवळ बी नसलेलीं झाडें हेरून त्यांची निवड केली आहे.

आतां आमच्या झाडाविषयीं. त्यास सातवें वर्ष चालू आहे आणि अद्याप एकही फूल आलेलें नाहीं. मनीषनगरांत जागेस सोन्याचा भाव आहे; त्या कोपऱ्यांत मोटार उभी राहील, असें घरांतील तरुण मंडळी सुचवितात. फळ आंबट निघण्याचाच संभव अधिक, हें आम्ही जाणतों. परंतु वडील आतां ऐंशीच्या घरांत आहेत, आणि रोज सकाळीं काठी टेकीत जाऊन ते त्या झाडाचा बुंधा हातानें चांचपून पाहतात: डिंक आहे काय? गेल्या पावसाळ्यांत तेथें आठवडाभर पाणी तुंबलें होतें. बुंधा कोरडाच राहिला. एका झाडावरून व एका पावसावरून सिद्धांत होत नाहीं. पण वाट पाहण्यास एवढें पुरे आहे. फळ आंबट निघालें, तरी मूळ बळकट आहे कीं काय, तें खुंट म्हणून पारखतां येईल. घरांत ठरलें आहे कीं, आणखी तीन वर्षें मोटार रस्त्यावरच उभी राहील.

विद्यार्थिमित्रांनो, ह्या हिवाळ्यांत संत्रें खाल तेव्हां चार बिया सुकूं न देतां लगेच पेरा. एका बीमधून किती कोंब आले तें मोजा व वहींत तारखेसह लिहून ठेवा. त्यांत एखादा वेगळा दिसला, तर त्याचें पान इतरांच्या पानाशेजारीं ठेवून चित्र काढा आणि निदान वर्षभर त्यास उपटूं नका. पालकांस विनंती एवढीच कीं, गच्चीवरील एका कुंडीपुरती जागा मुलांस द्यावी.