भिलारला जायचे तर

सुट्टीत कुठे जायचे, असा विषय घरात निघाला की मुले महाबळेश्वरचेच नाव घेतात. यंदा जानेवारीत आम्ही महाबळेश्वरच्या अलीकडेच थांबलो, भिलारला. राज्य शासनाने ४ मे २०१७ रोजी 'पुस्तकांचे गाव' म्हणून सुरू केलेले हे गाव पाचगणीहून साधारण आठ किलोमीटरवर आहे. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून सुचलेली; पण तिथे जुन्या पुस्तकांची दुकाने आहेत, इथे विक्री नाही. गावकऱ्यांनी आपल्या घरातली एखादी खोली किंवा पडवी दिली आणि तिथे पुस्तकांची कपाटे आली. सुरुवातीला २५ ठिकाणी मिळून सुमारे १५ हजार पुस्तके होती. एका घरात कविता, दुसऱ्यात इतिहास, कुठे चरित्रे, कुठे दिवाळी अंक. कोणीही यावे, बसून वाचावे. पैसे पडत नाहीत.

निघण्याआधी अम्मीने दोन प्रश्न विचारले. परक्यांच्या घरात जाऊन बसायचे कसे? आणि नमाज कुठे पढायची? तिसरा प्रश्न तिने विचारला नाही, पण तो आमच्याही मनात होता. आमच्यातल्या दोघी बुरख्यात, गावात ओळखीचे कोणी नाही, लोक कसे बघतील? खोटे कशाला बोला, हल्ली कुठेही निघायचे म्हटले की ही काळजी सामानाबरोबर येतेच.

जाण्याची वाट सोपी आहे. पुण्याहून महाबळेश्वरला जाणारी एसटी वाई, पसरणी घाट, पाचगणी अशी जाते. पाचगणीला उतरून रिक्षा किंवा जीप करावी, आणि परतीचे आधीच ठरवून घ्यावे; संध्याकाळी वाहन शोधत उभे राहण्यात मजा नाही. पावसाळ्यात या भागात पाऊस आणि धुके इतके असते की मुलांना घेऊन जाऊ नये, असे आमचे मत. डिसेंबर ते मार्च हे दिवस चांगले, तेव्हा शेतात स्ट्रॉबेरीही असते. सुटे पैसे जवळ ठेवा. शुक्रवार टाळा, नाहीतर जुमा पाचगणीच्या मशिदीत पढून मग पुढे निघा. पुण्याहून आलात तर अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास होते, म्हणजे कसर लागते. साताऱ्याहून आलेल्यांना हनफी मसलकानुसार ती सवलत नाही, कारण अंतर तेवढे भरत नाही. आपल्या इमामसाहेबांना विचारून निघालेले बरे.

आता आमची चूक सांगतो. गावात शिरल्यावर प्रत्येक घरावर फलक दिसतात, कोणत्या घरात कोणती पुस्तके आहेत ते लिहिलेले. पहिल्याच घराचे दार उघडे होते. फलक आहे म्हणजे वाचनालयच, असे धरून आम्ही पाचही जण सरळ आत गेलो. आत एक आजी जमिनीवर बसून जेवत होत्या. त्यांनी पदर सावरला, हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाल्या, "या, बसा." त्या एका शब्दानेही रागावल्या नाहीत, म्हणून तर आम्हाला जास्तच लाज वाटली. इजाजत घेतल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकू नका, 'परत जा' म्हटले तर परत जा, ही शिकवण सूरह नूरमधली. ती आम्ही वर्गात मुलांना दरवर्षी समजावतो. तीनदा विचारावे आणि उत्तर आले नाही तर मागे फिरावे, ही हदीसही तोंडपाठ आहे. एक सरकारी फलक दिसला आणि सगळे विसरलो.

आम्ही बाहेर आलो. आजींचे जेवण होईपर्यंत ओट्याशेजारी उभे राहिलो. मग उंबऱ्याबाहेरून विचारले, "आजी, आत येऊ का?" त्या हसल्या. पुढच्या प्रत्येक घरी मुलांनीच हाक मारली. एका घरी "आत्ता नको, पाहुणे आलेत" असे उत्तर आले, तेव्हा आम्ही पुढच्या घरी गेलो. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नव्हते. तुम्ही गेलात तर एवढे एक पाळा. चपला बाहेर, पुस्तक होते तिथेच परत, घरातल्या बायामाणसांचे फोटो विचारल्याशिवाय नाही. शेतातली स्ट्रॉबेरी तर हात न लावता बघायची. मुलांना लागेल तेवढी मालकाकडून विकत घ्यायची.

नमाजचे काय झाले? जोहरची वेळ झाली तेव्हा आम्ही त्याच आजींकडे होतो. अम्मी कुजबुजत होती, गाडीतच पढू. आम्ही म्हटले, विचारायला काय जाते? आजींना सांगितले, "आम्हाला पाच-दहा मिनिटे नमाजला जागा हवी, अंगणात चालेल." त्यांनी मागची खोली उघडली, चटई झटकली आणि विचारले, "तोंड कुठे करता?" आम्ही मोबाइलमध्ये किबला बघून दिशा दाखवली, तर त्यांनी त्या बाजूचे धान्याचे पोते स्वतः ओढून बाजूला केले. वुजूचे पाणी जानेवारीत बर्फासारखे असते, तेव्हा पायमोजे जास्तीचे न्या. जानमाजही घरचीच असू द्या.

जेवणाचे आदल्या दिवशी फोन करून सांगावे लागते. गावात काही घरी राहण्याची व जेवणाची सोय आहे. आम्ही शाकाहारीच सांगितले. जबीहाचा प्रश्न उरत नाही आणि यजमानांनाही अवघडल्यासारखे होत नाही. पिठलं, भाकरी, खर्डा. अम्मीने तीन भाकरी खाल्ल्या, घरी एक संपत नाही. जाताना पुण्याची नानखटाई नेली होती, ती आजींच्या नातवंडांना दिली.

पुस्तकांविषयी मात्र एक बोचरी गोष्ट सांगायची आहे. कवितेच्या घरात बसलो असताना आम्ही मुलाला शाहीर अमर शेखांविषयी सांगत होतो. बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या आवाजाने मैदाने भरत. त्याने विचारले, "ते मराठीत लिहायचे?" घरात आम्ही उर्दू बोलतो, बाहेर मराठी, आणि दोन्ही भाषा शिकवून पोट भरतो. तरी आमच्याच मुलाला मराठी ही पेपर सोडवण्यापुरती भाषा वाटते. उर्दू माध्यमाच्या कितीतरी मुलांचे असेच आहे, आणि त्यात त्यांच्यापेक्षा आम्हा शिक्षकांचा दोष मोठा. त्या दिवशी त्याने अडखळत का होईना, सलग दोन तास वाचले. एखादा शब्द अडला की आजींच्या नातवाला विचारत होता, आम्हाला नाही.

निघताना आजींनी विचारले, "तुमचे उपास कधी असतात?" रमजान चंद्रावर असतो, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, हे अम्मीने त्यांना बोटांवर मोजून समजावले. त्या म्हणाल्या, "त्या दिवसांत आलात तर आधी कळवा. पहाटे चूल पेटवायला मला तयारी लागते." त्यांच्याकडे खोली एकच आहे, तेव्हा नंबर आम्ही लावून ठेवला आहे.