ड्रोनला काय वाटत होतं?

थ्रॉटलची स्टिक जागची हललेली नसताना ड्रोन खाली येऊ लागला की पहिला संशय बॅटरीवर, दुसरा प्रोपेलरवर जातो आणि सुटे भाग बदलण्याचा सपाटा सुरू होतो. माझ्या मते दुरुस्ती इथेच चुकते. आपण खाली येतोय हे ड्रोनला कळत होतं का, हे आधी ठरवायला हवं. कळूनही सावरता आलं नसेल तर दोष ताकदीत. कळतच नसेल तर मोजमापात. जमिनीवरून पाहणाऱ्याला दोन्ही बिघाड अगदी सारखे दिसतात.

फरक कळतो तो लॉगमध्ये, म्हणजे ड्रोनने स्वतः ठेवलेल्या उड्डाणाच्या नोंदीत. आर्डुपायलट या उड्डाण-नियंत्रण सॉफ्टवेअरवर चालणारा ड्रोन हवी असलेली उंची, त्याला वाटणारी उंची आणि मोटरांना दिलेला थ्रॉटल सतत नोंदवत असतो. पहिली रेघ सरळ, दुसरी घसरलेली आणि थ्रॉटल कमाल मर्यादेला टेकलेला असेल, तर तो जीव तोडून वर जाऊ पाहत होता, बळ पुरलं नाही. मग व्होल्टेज बघावं. तीन सेलची लिपो बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर 12.6 व्होल्ट दाखवते, पण तो आकडा भार नसतानाचा. जुनी होऊन तिचा अंतर्गत रोध 90 मिलिओहमवर गेला असेल, तर 20 अँपिअर ओढताच 1.8 व्होल्ट आतल्या आत जातात. चार्जरवर ठणठणीत दिसणारी बॅटरी हवेत दम सोडते ती अशी. याउलट उंचीच्या दोन्ही रेघा एकमेकींना चिकटलेल्या, थ्रॉटल निवांत आणि ड्रोन मात्र डोळ्यांदेखत खाली, तर हवेच्या दाबावरून उंची ठरवणारा बॅरोमीटर फसला. समुद्रसपाटीजवळ एक मीटर वर गेलं की हवेचा दाब जेमतेम 12 पास्कलने उतरतो. वेगाने पुढे जाताना ड्रोनच्या कवचात दाब एवढा सहज कमी होऊ शकतो. बॅरोमीटरला वाटतं आपण चढलो, आणि कंट्रोलर प्रामाणिकपणे ड्रोन खाली आणतो. प्रोपेलरच्या झोताने, काही सेन्सर तर थेट उन्हानेही चळतात. म्हणून बॅरोमीटरवर सच्छिद्र फोमचा तुकडा लावतात. इथे नवी बॅटरी घालून काहीच साधत नाही.

बॅटरी बदलून पाहणं सोपं, मग एवढा खटाटोप कशाला, असं कोणी म्हणेल. पण बदलल्यावर दोष दिसला नाही म्हणजे गेला असं नव्हे; त्या दिवशी वारा पडलेला असू शकतो. लॉगच नसेल तर काय, हा प्रश्न जास्त रास्त आहे. उंची आपोआप राखणारा मोड बंद करता येत असेल तर तो बंद करावा, आणि मोकळ्या गवतावर, कमरेएवढ्या उंचीवर थ्रॉटल स्वतः सांभाळून पाहावा. स्टिक मध्याच्या आसपास असताना ड्रोन आरामात तरंगला तर ताकद ठीक आहे. जवळजवळ वरपर्यंत रेटावी लागली, तर उतरवून, बॅटरी काढून मोटरांना बोट लावावं. एखादीच चटका देत असेल तर शोध तिथून सुरू करावा. प्रोपेलर उलटा तर बसवलेला नाही ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावं.

एक अवस्था मात्र भाग बदलून सुटत नाही. सरळ खाली भराभर उतरवलेला ड्रोन स्वतःच्याच झोताच्या भोवऱ्यात सापडतो आणि मागितल्यापेक्षा वेगाने पडू लागतो. बॅटरी चांगली, प्रोपेलर नवे, थ्रॉटल पूर्ण, तरी तो थांबत नाही. थ्रॉटल वाढवून भोवरा उलट बळावतो. अशा वेळी त्याला आडवा बाहेर काढायचा. शांत हवा मिळाली की प्रोपेलर पुन्हा उचल धरतात.