हातचा एक, नोंद दोनदा

बँकेतील चौतीस वर्षांची नोकरी संपवून घरी बसलो, तेव्हा वेळ कसा जाणार ही चिंता मला फार दिवस करावी लागली नाही. सायंकाळी पाचच्या सुमारास आमच्या सोप्यात नात आणि गल्लीतील आणखी चार मुले वह्या घेऊन बसू लागली. शुल्काचा प्रश्नच नव्हता. ज्याचे आयुष्य आकड्यांत गेले, अशा एम.कॉम. झालेल्या गृहस्थाला तिसरीच्या मुलांची वजाबाकी म्हणजे हातचा मळ, अशी माझी समजूत होती.

मी शिकवली ती माझ्या गुरुजींनी मला शिकवलेली रीत. बावन्नातून अठ्ठावीस वजा करायचे असतील, तर दोनातून आठ जात नाहीत. म्हणून बारातून आठ गेले, उरले चार. हातचा एक खालच्या दोनात मिळवला, तीन झाले. पाचातून तीन गेले, उरले दोन. उत्तर चोवीस. याच रीतीने मी हजारो खात्यांच्या शिलका काढल्या. यंत्रे येण्यापूर्वीच्या काळात सहामाही बॅलन्सिंगच्या रात्री या हातच्याने मला कधी दगा दिला नव्हता.

पहिल्या घटक चाचणीत नातीला गणितात वीसपैकी सात गुण मिळाले. वजाबाकीची जवळजवळ सगळी उदाहरणे चुकली होती. मी तिला धांदरट म्हटले. ती हळूच म्हणाली, “आजोबा, मी तुम्ही सांगितलं तसं केलं. आणि बाईंनी सांगितलं तसंपण केलं.”

या वाक्यात सगळे निदान होते. पण ते माझ्या ध्यानात आले नाही. उलट मी म्हणालो, “तुमच्या बाईंना काहीतरी नवीन काढायची खोड आहे. तू माझं ऐक.” हे बोलणे चारही मुलांनी ऐकले. आज हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

नंतरच्या आठवड्यांत ती उदाहरणे चुकवीनाशी झाली, कारण ती सोडवीनाशी झाली. उदाहरण सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायचे, खाली रेघ ओढायची आणि रेघेखाली काहीच लिहायचे नाही. सूनबाईंनी सांगितले, “बाबा, गणिताची चाचणी असली की हिचं पोट दुखतं.” डॉक्टरांना पोटात काही सापडले नाही.

एका रात्री सर्व निजल्यावर तिची वही घेऊन बसलो. ताळा जुळत नसला की आम्ही आधी फरक किती ते पाहत असू. फरकाला नऊने भाग गेला, तर कोणीतरी पंचेचाळीसचे चौपन्न लिहिले असावेत, असा संशय घ्यायचा. धांदरटपणाच्या चुका कशाही विखुरलेल्या असतात. एकच फरक पुन:पुन्हा येत असेल, तर चूक रीतीत असते. नातीच्या वहीत ५२ - २८ चे उत्तर १४ होते, दहाने कमी. पुढचे दहाने कमी. त्यापुढचेही. ४१२ - १५८ चे उत्तर २५४ ऐवजी १४४, म्हणजे एकशे दहाने कमी. त्या उदाहरणात हातचा दोनदा घ्यावा लागतो.

मग उलगडा झाला. शाळेतील रीतीप्रमाणे तिने पाच दशकांतील एक दशक सुटा करून वर पाचाचे चार केले होते, आणि माझ्या रीतीप्रमाणे खाली दोनाचे तीनही केले होते. चारातून तीन गेले, उरला एक. एकच रक्कम दोनदा नावे पडली होती! बाईंचा शब्द मोडायचा नाही आणि आजोबांचाही नाही, म्हणून त्या पोरीने दोघांचेही ऐकले होते.

शनिवारी शाळेत गेलो. वर्गशिक्षिका माझ्या मुलीच्या वयाच्या. मी क्षमा मागण्याच्या तयारीने गेलो होतो. परंतु त्यांनी कपाटातून काड्यांचे गठ्ठे काढले आणि पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या माझ्यापुढे मांडल्या. “यातून अठ्ठावीस द्या बरं, काका.” एक गठ्ठा सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. कॅश काउंटरवर दहाची नोट सुटी करून देणारा मी. तेच तर करत होतो! मग त्यांनी विचारले, “तुमच्या रीतीत खाली एक का मिळवायचा?”

मला सांगता येईना. पन्नास वर्षांहून अधिक काळ मी तो हातचा वाहत आलो होतो, पण का, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. बाई म्हणाल्या, “माझी आईपण असंच करते. मलाही नक्की माहीत नाही.” मग आम्ही दोघेही कागद घेऊन बसलो. वरच्या संख्येला दहा सुटे दिले आणि खालच्या संख्येला एक दशक दिला, म्हणजे दोन्ही संख्या दहानेच वाढल्या. दोघा भावांच्या वयांतील अंतर दहा वर्षांनीही तेवढेच राहते, तसे. दोन्ही रीती खऱ्या. फक्त एका उदाहरणात दोन्ही नांदत नाहीत.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असेही संख्यावाचन आले, तेव्हा कट्ट्यावर त्याची टिंगल करणाऱ्यांत मीही होतो. डॉ. मंगला नारळीकर त्यामागचे कारण सांगत होत्या: आपण लिहिताना दशक आधी लिहितो आणि बोलताना एकक आधी बोलतो, तेथे लहान मुले गोंधळतात. जुनी नावेही पुस्तकात होतीच. पण पुस्तक उघडून पाहण्याचे कष्ट मी घेतले नव्हते. नात ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहीत असे, तेव्हाही मी तिला धांदरटच म्हणत होतो.

बाईंशी ठरले ते असे की, वर्ष संपेपर्यंत माझ्या सोप्यातही शाळेचीच रीत चालेल. माझी रीत पुढे, मुले स्थिरावल्यावर, आणि तीही कारणासकट. आता मी पाठ्यपुस्तकाची एक प्रत जवळ ठेवतो आणि शिकवण्याआधी मुलांनाच विचारतो, “बाईंनी कसं केलं?” पाचांपैकी एकजण अबॅकसच्या वर्गालाही जातो. तेथे अठ्ठावीस काढायचे म्हणजे तीस काढून दोन परत टाकायचे. त्याच्या डोक्यात तीन रीती आहेत आणि त्याच्या आईला तिन्ही हव्या आहेत. त्यांच्याशी माझे बोलणे अद्याप चालू आहे.

नातीला मात्र मी त्याच संध्याकाळी चारही मुलांसमोर सांगितले, “तुझ्या बाईंचं बरोबर होतं. आजोबांनी तुला उगीच रागावलं.” ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने ती खेळातल्या दहाच्या पाच नोटा आणि दोन नाणी घेऊन आली, माझ्यापुढे बसली आणि म्हणाली, “आजोबा, तुम्ही बँकवाले. मला अठ्ठावीस द्या.”

मी नोट सुटी करून दिली. तिने एकेक नाणे मोजून घेतले.